दहा नंबरचे रिकामे चौकोन

हॉस्पिटलात नर्सिंग कसं चाललंय, असं मला कोणी विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, पेशंटच्या टाचा बघा. टाचा, माकडहाड, कोपरं आणि ऑक्सिजनच्या नळीचं इलॅस्टिक घासतं ती कानामागची जागा. ओठ बघा, सुकून चिरलेत का कोणी ओला कापूस फिरवलाय. चादर वर करायची, पेशंटला कुशीवर घ्यायचं आणि पाठ बघायची. पाच मिनिटांचं काम आहे. पण जे दोघं तपासायला आले होते ते आमच्या वॉर्डात दीड तास होते आणि एकाही बाईच्या अंगावरची चादर त्यांनी उचलली नाही. त्यांनी कागद तपासले.

आठ महिने झाले. अजूनही भांडी घासताना हे आठवलं की माझ्या हातून ताट आपटतं आणि घरातले विचारतात, काय झालं? मी काही नाही म्हणते. मुलीच्या जुन्या वहीत मागची पानं कोरी राहिली आहेत, त्यात लिहिते.

मी त्या हॉस्पिटलात साडेतीन वर्षं मावशी होते. पेशंटचं अंग पुसणं, बेडपॅन देणं, चादरी बदलणं, स्ट्रेचर लिफ्टपर्यंत नेणं ही मावशीची कामं. आम्ही ठेकेदारानं कामाला लावलेल्या बायका. बायकांच्या वॉर्डात चौदा बेड होते आणि दिवसाच्या ड्युटीला दोन सिस्टर. पहिले सात बेड एकीकडे, पुढचे सात दुसरीकडे.

पहिल्या सात बेडची सिस्टर बोलायला गोड. पेशंटला बाळा म्हणायची, नातेवाइकांना काका-काकू म्हणायची, मलासुद्धा मुलीची परीक्षा कशी गेली ते आठवणीनं विचारायची. मला ती आवडायची, हे खोटं कशाला लिहू. दुसरी सिस्टर फटकळ. माहेर सांगलीकडचं, वय अठ्ठावीस-तीस, पण वॉर्डात शिरली की भेटायला आलेले लोक आपोआप उठून उभे राहायचे. "बेडवर बसायचं नाही." "बाहेरचा वडापाव पेशंटला द्यायचा नाही." "चपला बाहेर." दारात एक छोटा स्क्रीन बसवला होता, त्यावर हसरा, साधा आणि रडका असे चेहरे. घरी जाताना नातेवाइकांनी एक चेहरा दाबायचा. गोड सिस्टरच्या बेडवरचे सगळे हसरा दाबून जायचे. फटकळ सिस्टरच्या बेडवरचे काही जण तर मुद्दाम थांबून रडका दाबायचे.

ज्यांना हलता येत नाही त्यांची दर दोन तासांनी कूस बदलायची, असा नियम. त्याचा तक्ता फाइलला लावलेला असतो. प्रत्येक वेळेसाठी एक चौकोन. डाव्या कुशीला एल, उजवीला आर, पाठीवर असेल तर एस, आणि खाली सिस्टरची सही. मी चौथी शिकले, आमच्या शाळेत तोवर इंग्रजी नव्हतं. ही तीन अक्षरं मी त्या तक्त्यावर शिकले.

एकटीनं कूस बदलता येत नाही. एकीनं खांदे धरायचे, दुसरीनं कंबर, मग एक-दोन-तीन म्हणून वळवायचं, पाठीला उशी लावायची, दोन गुडघ्यांमध्ये एक उशी द्यायची. गोड सिस्टरला बोलावलं की म्हणायची, "आलेच हं मावशी, दोन मिनिटं." ती दोन मिनिटं ड्युटी संपेपर्यंत संपायची नाहीत. पण तिचा तक्ता सकाळी चहाच्या वेळीच भरलेला असायचा, संध्याकाळपर्यंतचा. एल, आर, एस, एल, आर. अक्षर मोत्यासारखं.

फटकळ सिस्टर स्वतः येऊन खांदे धरायची. आणि जमलं नाही तर लिहायची नाही. एखादा सिरियस पेशंट आला, एखादीचं सलाईन शिरेबाहेर गेलं, आणि दोनाची वेळ टळली, की दोनाचा चौकोन रिकामा. मी एकदा म्हटलं, "सिस्टर, तीन वाजता तर केलं आपण. दोनात लिहिलं तर काय बिघडतं?"

"मावशी, रिकामा चौकोन दिसला की पुढच्या ड्युटीची पोरगी आधी हिच्याकडे येईल. मी तो भरला, तर ती सरळ पुढं जाईल. मग हिच्या पाठीचं काय?"

हे मला कळलं होतं. पूर्ण कळलं होतं. म्हणून तर मला स्वतःचा जास्त राग येतो.

दहा नंबरला चाकणच्या मार्केटात कांदे निवडायला जाणाऱ्या एक बाई होत्या. पोत्यांची थप्पी अंगावर कोसळून त्यांच्या कण्याला मार लागला होता. कंबरेखाली काही कळत नव्हतं, तोंड मात्र शाबूत. मूळच्या चाकणच्याच, जुन्या गावातल्या. कूस बदलताना म्हणायच्या, "भाकरीवानी उलटीपालटी करताय मला. एका अंगानं करपू देऊ नका म्हंजे झालं."

सिस्टर म्हणायची, "करपलात की मला सांगा, मावशींना तव्यावरून काढायला लावते."

"व्हय, पर पीठ तुमचं लई घट्ट हाय बाई, जरा हसत जावा."

साडेतीन आठवडे त्या बाई तशा पडून होत्या. त्यांच्या पाठीवर साधा लाल डाग उठला नाही. अंग मीच पुसायचे, मला माहीत आहे. पाच नंबरला एक आजी होत्या, मांडीचं हाड मोडलेल्या. त्या आल्यापासून बाराव्या दिवशी त्यांच्या डाव्या टाचेची कातडी काळी पडली. मी गोड सिस्टरला दाखवली. ती म्हणाली, "अगं बाई! थांबा, डॉक्टरांना सांगते." आणि टाचेखाली घडी केलेला टॉवेल ठेवून गेली. आजींच्या तक्त्यात एकही चौकोन रिकामा नव्हता.

मग तपासणी जाहीर झाली. हॉस्पिटलला कसलं तरी मानांकन मिळणार होतं आणि त्यात नर्सिंगला वेगळे गुण होते. पंधरा दिवस वॉर्डात दुसरं काही नव्हतं. नवे पडदे आले, झाकणाचे नवे डबे आले. आम्हा मावश्यांना हात धुवायच्या पायऱ्या पाठ करायला लावल्या. आग लागली तर काय कराल, याचं उत्तर पाठ करायला लावलं. मी घरी स्वयंपाक करताना पुटपुटायचे, आमचे हे म्हणायचे, "आग लागायच्या आधीच पळायला शिकवतात व्हय तुम्हाला?" ते चाकणला कंपनीत पॅकिंगला आहेत, त्यांना तपासणी म्हणजे काय ते माहीत होतं. त्यांच्याकडेही साहेब येणार म्हटलं की आधी फरशीवर पिवळे पट्टे मारतात.

तपासणीच्या दोन दिवस आधी वॉर्डच्या इन्चार्ज बाईंनी फाइली बघितल्या आणि फटकळ सिस्टरला काउंटरवर बोलावलं. मी तिथेच चादरी मोजत होते.

"हे दहा नंबरचं काय आहे? जागोजागी चौकोन रिकामे."

"त्या वेळी झालं नाही मॅडम. दोघीच होतो."

"झालं नाही हे कोणी विचारलंय का? भरून घे."

"मागचं मी नाही भरणार."

"सगळे भरतात."

"भरू देत."

इन्चार्ज बाईंनी फाइल मिटली. "तुझं कायम व्हायचं पत्र मेट्रन मॅडमच्या टेबलावर आहे. या चौकोनांवरून आपले गुण गेले, तर ते पत्र तिथंच राहील. उत्तर तुझं तू दे."

सिस्टर वळली आणि सलाईन लावायला गेली. पण तिचे कान लाल झाले होते. दीड वर्ष ती त्या पत्राची वाट बघत होती, हे सगळ्या वॉर्डाला माहीत होतं.

आता मी केलं ते लिहिते.

दुसऱ्या दिवशी दुपारी सिस्टर एका पेशंटला घेऊन खाली एक्स-रेचा फोटो काढायला गेली. इन्चार्ज बाई जेवायला. मला सांगितलं होतं की फाइली नंबरप्रमाणे लावून ठेवा. दहा नंबरची हातात आली. काउंटरला दोरीनं बांधलेलं निळं पेन होतं. मी फाइल उघडली आणि रिकामे चौकोन भरायला लागले. एल, आर, एस. खाली सिस्टरची सही, एक वेलांटी आणि पुढं छोटी रेघ, रोज बघून डोळ्यांत बसलेली. शाळेत गाळलेल्या जागा भरायचो तसं भरलं. त्या बाईंना इतके दिवस मीच तर वळवत होते, मग यातलं बरंचसं खरंच आहे, असं मी मनाशी म्हणत होते. मला आनंद झाला होता. तोंड उघडून कोणासाठी कधी काही करता आलं नाही, आज न बोलता केलं, असं वाटलं.

चौकोन भरताना मी फक्त रिकामा कुठला आहे तेवढंच बघत होते. मागच्या मंगळवारी त्या बाईंचं ऑपरेशन झालं होतं. सकाळी नऊला मी स्वतः त्यांचं स्ट्रेचर लिफ्टपर्यंत नेलं होतं. लिफ्टच्या दाराशी त्या म्हणाल्या होत्या, "मावशे, माझा डबा कुनाला दिऊ नकु." दुपारी अडीचला त्या वर आल्या. त्या मंगळवारच्या दहाच्या चौकोनात मी एल लिहिलं. बाराच्या चौकोनात आर, दोनाच्या चौकोनात एस.

तपासायला एक साहेब आणि एक बाई आल्या. त्या बाईंनी दहा नंबरची फाइल घेतली. हुशार होत्या. त्यांनी एका हाताखाली ऑपरेशनचा कागद धरला आणि दुसऱ्या हाताखाली कुशीचा तक्ता.

"मंगळवारी बारा वाजता पेशंट कुठे होता?"

"ओटीत, ऑपरेशनला," सिस्टर म्हणाली.

"मग इथे उजव्या कुशीवर कोणी वळवला?"

मी बेडपॅनच्या गाडीजवळ उभी होते. सिस्टरनं तक्ता हातात घेतला. बराच वेळ बघितला. माझ्या एलचा पाय गळासारखा वर वळतो, तिचा सरळ जातो. तिनं मान वर केली आणि सरळ माझ्याकडे बघितलं. मग खाली बघितलं.

"हे मी लिहिलेलं नाही."

"सही कोणाची आहे?"

"माझ्यासारखी आहे."

"तुमच्यासारखी म्हणजे?" तो साहेब हसला. "दुसऱ्या कोणी तुमची सही केली का?"

सिस्टरनं तक्ता परत दिला. मी गाडीतले बेडपॅन सारखे करत राहिले. दहा नंबरच्या बाई पडल्या पडल्या म्हणाल्या, "सायेब, ही सिस्टर लई नीट बघती मला. माझी पाठ बघा की."

त्या तपासणाऱ्या बाई वळल्या, गोड हसल्या, म्हणाल्या, "हो काकू, आराम करा." आणि लिहायला लागल्या.

पाठ बघा, असं पेशंट स्वतःच्या तोंडानं सांगत होती!

नंतर पाच नंबरची फाइल उघडली. सगळे चौकोन भरलेले, अक्षर सुंदर. साहेब म्हणाले, "याला म्हणतात डॉक्युमेंटेशन." ते आजींच्या पायथ्याशी उभे होते. त्यांच्या हातापासून ती टाच वीतभर लांब होती, चादरीखाली.

दुपारी सिस्टरनं मला चादरींच्या खोलीत गाठलं. दार लावलं.

"कोणी सांगितलं होतं तुम्हाला?"

"तुमचं पत्र..."

"माझं पत्र! रिकाम्या चौकोनाचं उत्तर होतं माझ्याकडे. दोघीत चौदा पेशंट, नाही झालं, हे मी त्यांच्या तोंडावर सांगणार होते. आता काय सांगू? खोटी नोंद केली, असा शेरा घेऊन कुठल्या हॉस्पिटलात उभी राहू मी?"

मी रडायला लागले. ती अजून चिडली.

"रडू नका. मी तुमचं नाव घेणार नाही, तुमची रोजी जाईल. पण दोन दिवस माझ्या समोर येऊ नका. आणि तुम्हाला माहीत होतं मावशी. बाकी कोणाला नसेल, तुम्हाला माहीत होतं तो चौकोन रिकामा का ठेवते मी."

घरी सांगितलं तर हे म्हणाले, "गप राहा. ती घेत नाही ना तुझं नाव? मग तू कशाला नडतीस?" मी दोन दिवस गप राहिले. तिसऱ्या दिवशी कळलं की सिस्टरला नोटीस दिली आहे आणि लेखी खुलासा मागितलाय. मी महाळुंग्याहून, घरून कामाला निघाले तेव्हा पुढं कंटेनरची रांग लागली होती, रिक्षा जागची हलत नव्हती. मी तोंडातल्या तोंडात एकच वाक्य घोकत होते. मॅडम, दहा नंबरच्या तक्त्यातले चौकोन मी भरले.

मेट्रन मॅडमच्या खोलीत मी साडेतीन वर्षांत कधी गेले नव्हते. वाक्य म्हटलं. त्यांनी चष्मा काढला.

"कोणी पाठवलं तुम्हाला?"

"कोणी नाही."

"शिक्षण किती मावशी?"

"चौथी."

"इंग्रजी येतं?"

"नाही."

"मग?" त्या हसल्या. रागानं नाही, प्रेमानं हसल्या, तेच मला लागलं. "तिला म्हणावं, स्वतः येऊन बोल. मावशीला पुढे करू नको. जा, कामाला लागा."

त्या क्षणी माझ्या डोक्यात काय झालं ते मला सांगता येत नाही. तीन वर्षं याच बायकांनी मला सांगितलं होतं की मावशी, जरा वळवून घ्या, मावशी, जरा बघा, मावशी, तेवढं करा. सिस्टरचं काम करायला मी चालते, आणि केलं म्हटलं की मला येतच नाही.

"पेन द्या," मी म्हटलं.

"काय?"

"पेन द्या मॅडम."

त्यांनी दिलं. टेबलावर रजेच्या अर्जाचा गठ्ठा होता, त्यातला एक पाठकोरा ओढून मी लिहिलं. एल, आर, एस. एल, आर, एस. खाली सिस्टरची सही, चार वेळा. एलचा पाय गळासारखाच वळला. मॅडमनी कपाटातून फाइल काढून शेजारी ठेवली. मग त्यांचं हसू गेलं.

"तुम्ही काय केलंय, कळतंय का तुम्हाला?"

"कळतंय. पाच नंबरच्या फाइलमध्ये रोज हेच होतं. आजींची टाच बघा."

"तो तुमचा विषय नाही."

मग कोणाचा होता? गोड सिस्टरचा नव्हता, इन्चार्ज बाईंचा नव्हता, तपासणाऱ्यांचा नव्हता, तुमचा नव्हता. ती टाच रोज ओल्या कापडानं पुसणारी मी, माझा नाही तर कोणाचा? हे मी बोलले नाही. मी फक्त पेन टेबलावर ठेवलं, जरा जोरात.

संध्याकाळी ठेकेदाराच्या माणसाचा फोन आला, उद्यापासून येऊ नका. सिस्टरवरची नोटीस मागे घेतली, कायमचं पत्र मात्र दिलं नाही. महिनाभरानं तिनं स्वतःच ते हॉस्पिटल सोडलं. मानांकन मिळालं. दारात सर्टिफिकेटची मोठी फ्रेम लागली, वॉर्डात केक कापला. गोड सिस्टरचा गुच्छ घेतलेला फोटो माझ्या मोबाइलवरसुद्धा आला, कारण वॉर्डच्या ग्रुपमधून मला काढायचं कोणाच्या लक्षात राहिलं नव्हतं. पाच नंबरच्या आजींच्या टाचेला वास यायला लागला तेव्हा डॉक्टरांना बोलावलं, असं माझ्या जागी आलेल्या मावशीकडून कळलं. मी भरलेले खोटे चौकोन आणि त्या फाइलमधले खोटे चौकोन, यात मला एवढाच फरक दिसतो की माझे पकडले गेले. मी चुकले. मी ते मॅडमच्या तोंडावर कबूल केलं. दुसऱ्या कोणी काय कबूल केलं?

दिवाळीनंतर एक दिवस सिस्टरचा फोन आला. हाय-हॅलो काही नाही.

"मावशी, सांगवीत एक आजी आहेत, अंथरुणाला खिळलेल्या. घरीच दिवसभर बाई हवी आहे. चौकोन रिकामा ठेवता येत असेल तर जा."

"येईल," मी म्हटलं. तिनं पत्ता सांगितला आणि फोन ठेवला.

दोन गाड्या बदलून जाते. आजी शिक्षिका होत्या, आता बोलणं गेलंय. वळवायला त्यांची सून हात लावते. मी पहिल्याच दिवशी वहीत पट्टीनं रेघा मारून तक्ता केला. एल, आर, एस. खाली माझी सही, ती मला मराठीतच येते.

काल दुपारी दोनची वेळ चुकली. सुनेची फोनवर मीटिंग चालू होती, दार आतून बंद. आजींचं अंग जड, मी एकटी काय करणार? साडेतीनला दोघींनी मिळून वळवलं. माकडहाडावर जरा लाली आली होती, मी तेल लावलं नाही, चोळलं नाही, नुसती हवा लागू दिली, सिस्टरनं शिकवलं होतं तसं. मग साडेतीनचा वेगळा चौकोन काढून त्यात लिहिलं.

संध्याकाळी डॉक्टर येणार होते. सुनेनं वही चाळली.

"मावशी, इथे दोनचं राहिलंय. भरून टाका ना. उगाच डॉक्टर विचारतील."

"विचारू देत."

"अहो, कसं दिसतं ते."

मी खाली बघूनच बोलते, अजूनही. पण बोलले.

"ताई, दोनला झालं नाही. डॉक्टर आले की वही राहू दे, आधी आजींना कुशीवर घेऊ. तुम्ही खांदे धरा."